गावच्या घराच्या दुरुस्तीला भावंडांना, मित्रांना बोलवावं का? आणि कसं?

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात गावच्या कौलारू घराचं छप्पर उतरवायचंय, सगळी मजुरी परवडणारी नाही, आणि भावंडांना हाक मारली तर 'फुकटात राबवून घेतो' असं म्हणतील ही धास्ती आहे. म्हणू शकतात. मी ते ऐकून घेतलेलं आहे, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि दुपारच्या दोन-तीन तासांत ओटीवरचं निम्मं छप्पर सुपारीच्या वाडीत जाऊन पडलं. शिमग्याला आलेला मी लॉकडाऊनमुळे गावीच अडकलो होतो. दुकानात कौल नाही, पत्रा नाही, वीज तर कितीतरी दिवस नव्हती. तेव्हा 'येता का' असं कोणी कोणाला विचारलंच नाही. आमच्या वाडीने, म्हणजे वस्तीने, रोज एक घर धरलं, ज्या घरात बाळंतीण होती तिथून सुरुवात. आमची पाळी सहाव्या दिवशी आली. आधीचे पाच दिवस मी इतरांच्या अंगणात उभा राहून कौलं झेलत होतो.

आमच्याकडे ही सावड. लावणीला आमची चार माणसं तुमच्या शेतात, मग तुमची चार आमच्या. घाटावर इर्जिक असते. शेजारपाजारचे एक दिवस राबायला येतात आणि मालक सगळ्यांना पोटभर जेवू घालतो. सावडीत दिवस फेडावा लागतो, इर्जिकीत जेवणावर भागतं. तुम्ही नक्की काय मागताय ते फोन उचलायच्या आधी स्वतःशी ठरवा. आपल्या मनात इर्जिक असते, समोरचा सावड धरून चाललेला असतो, आणि दोन वर्षांनी त्याच्या फ्लॅटला रंग काढायचा म्हटला की आपल्या ऑफिसात नेमकं ऑडिट निघतं. बोलणी तिथे बंद होतात.

वादळानंतरची ती डागडुजीच होती. वासे, त्यांच्यावर आडव्या ठोकलेल्या रिपा म्हणजे कौलं टेकायच्या बारीक पट्ट्या, सगळं नीट करायला आम्ही 2022 च्या मे महिन्यात काढलं. मी घरच्या ग्रुपवर टाकलं, 'घराचं काम काढलंय, ज्याला जमेल त्याने यावं.' चौदा अंगठे आले. माणसं आली दोन, त्यातला एक आंबे न्यायला आला होता. मग एकेकाला फोन केला. 'शनिवारी सकाळी सात ते एक. मागच्या पडवीची कौलं खाली घ्यायची आहेत. वर सुतार चढणार, आपण फक्त झेलून रचायची. जमेल का? नाही जमलं तरी आजच सांग, म्हणजे मी दोन गडी सांगून ठेवतो.' आठ जण आले. तीन जण स्पष्ट नाही म्हणाले, आणि त्यांच्याशी आजही माझं उत्तम आहे. 'दोन गडी सांगून ठेवतो' हे वाक्य सोडू नका. त्याने समोरच्याला नाही म्हणायला वाट मिळते.

कामाचा अंदाजही खरा सांगा. मंगलोरी कौल दोन-अडीच किलोचं असतं. हजार कौलं म्हणजे दोन टनांहून जास्त वजन, आणि ते दोनदा हलतं, एकदा खाली, एकदा वर. खुर्चीवर बसून काम करणाऱ्या माणसाचा खांदा दुपारपर्यंत बोलायला लागतो. त्याला 'थोडंसंच काम आहे' म्हणून बोलावलंत तर तो पुन्हा यायचा नाही.

आता माझी चूक. माझा मावसभाऊ हौशी. सुतार चहाला बसलेला बघून हा वर चढला. सुताराला पाय वाशावर द्यायचा असतो हे माहीत, याने दिला रिपेवर. ती आतून वाळवीने खाल्लेली. एक पाय माजघरावरच्या माळ्यात लोंबतोय, वर हा 'काही नाही, काही नाही' ओरडतोय! पोटरीला सात टाके पडले. दवाखान्याचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत, आणि वहिनी अजून 'तुमच्या त्या घराचं' असा उल्लेख करतात. तेव्हा उंचीवरचं काम आणि विजेचं काम पैसे देऊनच करून घ्या. पाहुण्यांना जमिनीवर ठेवा. शिडीचा खालचा भाग धरायला ठेवलं तरी चालेल.

ज्याचा तो धंदाच आहे, त्याच्याकडे मदत म्हणून मागू नका. गावातला शाळेपासूनचा मित्र वायरिंगची कामं करतो. मी मैत्रीत सांगितलं, त्यानेही मैत्रीत हो म्हटलं. मग पैसे देणारी गिऱ्हाइकं उरकून तो संध्याकाळी तासभर येई. तीन आठवडे भिंतीतून वायरी लोंबत होत्या आणि मला तोंड उघडून बोलता येईना. त्याचं काय चुकलं? मे महिना हाच त्याच्या कमाईचा. अशा माणसाला पहिल्याच दिवशी भाव विचारा आणि आगाऊ रक्कम हातात ठेवा. कमी करायचे तर तो त्याचे करील.

ज्याच्याकडे जे आहे ते मागा. एका मित्राची कंबर धरलेली, त्याचा टेम्पो मिळाला. वासे त्यातूनच आले. माझे चुलते तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे. त्यांना कोणी काही सांगेना म्हणून ते चिडून बसले होते. मी त्यांना फणसाच्या सावलीत खुर्ची दिली आणि उतरवलेली कौलं पुढ्यात ठेवली. ते एकेक कौल डाव्या हातावर तोलून उजव्या हाताच्या बोटाने टिचकी मारत. टण्ण वाजलं की उजवीकडे, बद्द वाजलं की डावीकडे. बद्द वाजणाऱ्यात केसाएवढी चीर असते, डोळ्यांना दिसत नाही, पावसात मात्र बरोबर गळते. दोन दिवस त्यांनी ते एकट्याने केलं. मध्ये एका भाच्याने वशिला लावून डावीकडचं एक कौल उजवीकडे सरकवलं, ते काकांनी न वाजवता ओळखून परत फेकलं. छपराच्या त्या पाखीला, म्हणजे उतरत्या बाजूला, आजवर थेंब आलेला नाही.

आणखी एक. आठ माणसं 'मदतीला' येतात तेव्हा स्वयंपाक कोण करतं? आमच्याकडे पहिल्या शनिवारी आई आणि काकी पहाटे चारपासून चुलीपुढे होत्या, आणि त्यांचं नाव मदत करणाऱ्यांत कोणी घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी वाडीतल्या बचत गटाला जेवण सांगितलं. तो खर्च बजेटमध्ये धरा.

माझ्याकडे एक वही आहे, कोण किती दिवस आलं त्याची. मावसभावाचे दोन दिवस मी त्याच्या डोंबिवलीच्या घराचे पोपडे खरवडून फेडले. टेम्पोवाल्याचे अजून बाकी आहेत.

आणि कौलांना हात लावायच्या आधी ताडपत्री आणून ठेवा, दोन जास्तीच्या. आम्ही 'पावसाला अजून वेळ आहे' म्हणत राहिलो आणि काम अर्धं असताना रात्री वळीव आला. आलेले आठही जण माजघरात घमेली धरून उभे होते.