चवथीच्या आधी सरांना भेट

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

कमी हजेरीच्या यादीत नाव लागल्याचं तू स्वतः कळवलंस, हे बरं केलंस. घरी अजून सांगितलेलं नाही, असंही लिहिलंयस. चार दिवस ठीक आहे, पण गणेशचवथीला सगळे एकत्र जमल्यावर दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी तूच सांग.

तू विचारतोस, "एकूण हजेरी तर ८० टक्क्यांच्या वर आहे, मग माझं नाव कसं लागलं?" लागणारच. हजेरी पेपरनिहाय मोजतात. क्रेडिट म्हणजे पेपराचं वजन. एका क्रेडिटला १५ तास, म्हणजे चार क्रेडिटच्या पेपरला ६० तास. त्याचे ७५ टक्के भरायलाच हवेत, म्हणजे ४५. बुडवायला उरले १५, आणि त्यातच ताप, पाऊस, मावशीकडचं लग्न सगळं आलं. तुझा एकच पेपर आठवड्यातून दोनदा पहिल्या तासाला असतो. पेडण्याहून निघून म्हापशाला बस बदलायची, पर्वरीला अडकायचं आणि पणजीत पोचेपर्यंत तास निम्मा संपलेला. मग तू वर्गात शिरतच नाहीस, कँटीनला जातोस. आठव्या आठवड्याच्या आत तुझे १५ तास संपतात, आणि बाकीच्या पेपरांना तू कितीही इमानाने बसलास तरी ते इथे कामाला येत नाहीत.

उपाय दोन. एक तर आधीची बस धर. पहाटे उठणं जिवावर येतं, मान्य आहे. दुसरा उपाय तुला सुचलेला दिसत नाही: सरांना जाऊन सांग. उशीर झाला तरी मागच्या दाराने येऊन बसू का, एवढं विचारायला काय हरकत आहे? काही सर नाही म्हणतील. पण इतकी वर्षं मुलं शिकवून माझ्या लक्षात आलंय की विद्यार्थी अभ्यास जड गेला म्हणून क्वचितच बुडतो. एक तास चुकतो, मग लाज वाटते, लाजेपोटी दुसरा चुकवतो, तिसऱ्या आठवड्यात सरांना बघून जिन्यावरून वळतो. नापास होण्याची सुरुवात तिथे होते, परीक्षेत फक्त आकडा कळतो.

काय बोलायचं सुचत नसेल तर हे घे: "सर, पहिल्या तासाला माझी हजेरी कमी पडली आहे. बसमुळे उशीर होत होता, आता आधीची बस धरतो. चुकलेला भाग कुठून वाचू? आणि हजेरीच्या सवलतीसाठी अर्ज कुणाकडे करायचा असतो?" इतकंच. आईचं दुखणं, बाबांचं दुकान, काही घालू नकोस. आणि खरंच आजारी पडलास तर डॉक्टरचा दाखला कॉलेजला परतल्या दिवशीच ऑफिसात दे आणि पोच घे. जुलैतल्या तापाचा दाखला ऑक्टोबरात आणणारी मुलं दरवर्षी असतात. त्यातली काही खरी आजारी होऊन गेलेली असतात, पण त्यांच्यावर कोण विश्वास ठेवणार?

आता मार्कांचं. आयएसएचे, म्हणजे सेमिस्टर चालू असताना होणाऱ्या अंतर्गत चाचण्यांचे, मार्क तू किरकोळ समजतोस. मी तर म्हणेन, सेमिस्टरमधले सर्वांत स्वस्त मार्क तेच. पोर्शन थोडा, तारीख आधी कळते, आणि पेपर काढणारे सर रोज समोर उभे असतात. एक आयएसए चवथीच्या सुट्टीला लागून आली की अर्धा वर्ग गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधण्यात गुंतलेला असतो. तूही बांध, पण त्याआधी दोन संध्याकाळी काढ.

श्रेणीची सरासरी क्रेडिटच्या वजनाने निघते, हे तुला कुणी कागदावर करून दाखवलेलं दिसत नाही. समज, सेमिस्टर २० क्रेडिटचं आहे आणि सगळीकडे तुझे ७ गुणांक (ग्रेड पॉइंट) आहेत. चार क्रेडिटच्या एका पेपरात नापास होऊन शून्य पडला तर सरासरी ७ वरून ५.६ वर येते. दोन क्रेडिटचा गेला तर ६.३. म्हणून वेळ वाटताना मोठ्या पेपराला झुकतं माप दे. दोन क्रेडिटवाल्याला मात्र सोडून देऊ नकोस, राहिलेला छोटा पेपरसुद्धा पदवी तेवढीच अडवून धरतो.

चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं तुझ्या मनात आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नव्या आराखड्यात त्यासाठी पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. पहिल्या सेमिस्टरला ५६ मिळाले, तर क्रेडिट सारखे धरून उरलेल्या पाचांत सरासरी ७८.८ काढावी लागेल. जमण्यासारखं आहे. पण "पुढे बघू" म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा केलेला बरा.

असाइनमेंट इंग्रजीत लिहिताना अडतोस, म्हणून चॅटजीपीटीकडून लिहून घेतोस, हे तू निदान लपवलं नाहीस. आपल्याकडे चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून एकदम सगळं इंग्रजी, त्यामुळे वर्गातलं कळतं पण वाक्य उमटत नाही, अशी कितीतरी मुलं मी पाहिली. त्यावर मला एकच गोष्ट कामाला आलेली दिसली. उत्तर आधी मराठीत, बोलतोस तसं लिहून काढ. मग तेच साध्या, तोकड्या इंग्रजी वाक्यांत उतरव. भाषा ओबडधोबड दिसेल, दिसू दे. यंत्राने दिलेल्या गुळगुळीत उतार्‍यावर सरांनी एक प्रश्न विचारला की तू गप्प होतोस, आणि त्यातली संदर्भपुस्तकं कधीकधी अस्तित्वातच नसतात. शिवाय संशोधन करायचं म्हणतोस तर यूजीसीचे २०१८ चे नियम आत्ताच ऐकून ठेव: प्रबंधात दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यावर ४० पर्यंत दुरुस्त करून पुन्हा द्यायला लावतात, ४० ते ६० ला वर्षभर सादर करू देत नाहीत, ६० च्या वर गेलं की नोंदणीच रद्द.

परतीची बस उशिरा असते तेव्हा पणजीच्या कदंब बसस्थानकावर मोबाइल बघत बसण्यापेक्षा पाट्ट्यावरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जा. चालत जाण्याइतकं जवळ आहे. १८३२ सालची संस्था, इमारत मात्र नवी आणि गार. घरी गेल्यावर तू पुस्तक उघडणार नाहीस हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

नाटक सोड असं मी सांगणार नाही, तुझे बाबा काहीही म्हणोत. फक्त दिवाळीनंतर दहीकाले, म्हणजे जत्रांतली दशावतारी नाटकं, सुरू होतात आणि सेमिस्टरच्या परीक्षाही त्याच सुमाराला येतात. तालमी ठरण्याआधीच दिग्दर्शकाला तारखा दाखव आणि या खेपेला छोटा पार्ट माग. राजाचा पार्ट पुढच्या वर्षीही असेल.

आणि कधी घरची अडचण इतकी आली की शिक्षण थांबवावंच लागलं, तर नुसता येणं बंद करू नकोस. रीतसर कळवून थांब. मिळवलेले क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये सात वर्षांपर्यंत राहतात, परत येता येतं. न सांगता गायब झालेल्यांच्या नावापुढे सरळ गैरहजर आणि नापास लागत जातं, आणि ते निस्तरायला पुढे ऑफिसात खेटे घालावे लागतात. तुझ्यावर तशी वेळ नाही. तुझं एका पेपराचं दुखणं आहे.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत सरांना गाठ. कॉलेजचं माहितीपत्रक बरोबर ने, हजेरीच्या नियमाचं पान दुमडून ठेव. काय म्हणाले ते संध्याकाळी लिहून कळव. अर्ज लेखी द्यायला सांगितला तर मसुदा आधी मला पाठव, "सविनय"च्या पुढे तुझं काय होतं ते मी दहावीपासून बघत आलोय.

तुझा,
सर