सागरी प्रवाहांचा जहाजांच्या प्रवासावर आणि हवामानावर काय परिणाम होतो?

प्रवाह म्हणजे जहाजासाठी सरकती वाट. सोबतीला असला तर वेळ आणि इंधन वाचतं, समोरून आला तर दोन्ही जास्त लागतं. 1769 च्या सुमारास अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींच्या टपालाचा कारभार पाहणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिनसमोर प्रश्न आला, की इंग्लंडहून अमेरिकेला येणारी टपालजहाजं व्यापारी जहाजांच्या मागे का पडतात? उत्तर दिलं त्याच्या नात्यातल्या टिमथी फोल्जर या कप्तानाने: टपालवाले अमेरिकेकडून युरोपकडे वाहणाऱ्या उष्ण गल्फ प्रवाहाच्या उलट्या दिशेने येतात, आणि बाहेर पडा म्हटलं तरी ऐकत नाहीत! मग दोघांनी त्या प्रवाहाचा नकाशाच काढला.

हवामानाचं म्हणाल तर, उष्ण प्रवाहामुळे नॉर्वेची बंदरं आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेलाही हिवाळ्यात सहसा गोठत नाहीत. थंड प्रवाहाचं नेमकं उलट. त्याच्यावरची हवा गार, जड; ती वर चढत नाही, म्हणून पाऊसही पडत नाही. दक्षिण अमेरिकेतलं अटाकामा आणि आफ्रिकेतलं नामिब ही वाळवंटं चक्क समुद्राला खेटून आहेत, धुकं मिळतं पण पाऊस नाही.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळ उष्ण गल्फ आणि थंड लॅब्राडोर प्रवाह भेटतात. तिथे दाट धुकं, वर उत्तरेकडून वाहत येणारे हिमनग. 1912 मध्ये टायटॅनिक बुडाली ती याच भागाच्या दक्षिणेला.