चिंगह्वा ते शांघाय: चेन जिनिंग यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

चीनचे माजी पर्यावरणमंत्री आणि सध्याचे शांघायचे पक्षसचिव (तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख) चेन जिनिंग यांचा उल्लेख या सदरात आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी काहींना आज उत्तरं देतो.

मी पर्यावरण अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सांडपाण्यावर संशोधन करणारा माणूस एकही निवडणूक न लढवता देशाचा मंत्री कसा होतो? (विद्यार्थिनी, सांगली)

पायरी पायरीनं होतो, आणि त्या पायऱ्या विद्यापीठातच सुरू होतात. चेन यांचा जन्म १९६४ चा, ईशान्येकडच्या जिलिन प्रांतातला. बीजिंगच्या चिंगह्वा विद्यापीठात तुमच्याच विषयाचं शिक्षण घेत असताना, १९८४ मध्ये, ते कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. १९८८ मध्ये ब्रिटनला गेले, १९९३ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून डॉक्टरेट मिळवली आणि १९९८ पर्यंत तिथेच संशोधन केलं. सांडपाणी शुद्धीकरणात जिवाणू नेमकं काय करतात, कशामुळे ती प्रक्रिया बिघडते, हे गणितात मांडायचं आणि त्यावरून शहराची व्यवस्था कशी असावी ते ठरवायचं, असं त्यांच्या कामाचं स्वरूप होतं.

परतल्यावर चिंगह्वात विभागप्रमुख, २००६ मध्ये उपाध्यक्ष, २०१२ मध्ये अध्यक्ष. हे अध्यक्षपद आपल्याकडच्या कुलगुरूपदापेक्षा फार वेगळं आहे. त्याला उपमंत्र्याचा दर्जा असतो आणि नेमणूक पक्षाचं केंद्रीय नेतृत्व करतं. त्यामुळे २०१५ च्या फेब्रुवारीत, ५१ व्या वर्षी, ते पर्यावरण संरक्षण मंत्री झाले तेव्हा त्यांना राजकारणात नव्यानं यावं लागलं नाही. ते तिथे होतेच. याला अपवादही आहे. जर्मनीत मोटार कंपनीत काम केलेले अभियंते वान गांग २००७ मध्ये विज्ञानमंत्री झाले आणि ते कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य नव्हते. पण पक्षाबाहेरचा माणूस मंत्री होणं तिथे फार दुर्मीळ.

चीनच्या धुरक्यावरच्या एका माहितीपटाचं त्यांनी कौतुक केलं आणि मग तो गायब झाला, हे खरं का? (निवृत्त शिक्षक, ठाणे)

खरं आहे. त्यांची नेमणूक झाली २७ फेब्रुवारी २०१५ ला आणि दुसऱ्याच दिवशी पत्रकार चाय जिंग यांनी स्वखर्चानं केलेला माहितीपट इंटरनेटवर आला. काही दिवसांत कोट्यवधी लोकांनी तो पाहिला. चेन यांनी चाय यांना आभाराचा संदेश पाठवला आणि हा माहितीपट पाहून अमेरिकी लेखिका रेचेल कार्सन यांच्या, पर्यावरण चळवळीला चालना देणाऱ्या, १९६२ च्या कीटकनाशकांवरील पुस्तकाची आठवण होते, असं पत्रकारांना सांगितलं. मंत्र्यानं टीकाकाराला अशी दाद देणं ही तिथे मोठी गोष्ट होती. आठवडाभरातच माहितीपट चिनी संकेतस्थळांवरून काढला गेला. ७ मार्चच्या पत्रकार परिषदेत चेन यांनी त्याचं नावही घेतलं नाही.

मला हा प्रसंग त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतला सर्वांत बोलका वाटतो. प्रदूषणाविषयीचं सत्य त्यांना हवं होतं, याबद्दल मला शंका नाही. पण ते लोकांपर्यंत कोणी आणि किती पोहोचवायचं, हे ठरवणं मंत्र्याच्याही हातात नव्हतं.

आमच्याकडे हवेचे आकडे कोणालाच खरे वाटत नाहीत. चेन यांनी याबाबत प्रत्यक्षात काय केलं? (वाचक, चंद्रपूर)

माझ्या मते त्यांचं सर्वांत टिकाऊ काम इथेच आहे. चीनमध्ये हवा मोजणारी केंद्रं स्थानिक सरकारांच्या हाती होती आणि हवा सुधारल्याचं दाखवण्याचा दबावही त्याच सरकारांवर होता. परीक्षार्थीच पेपर तपासत होता. २०१६ मध्ये राष्ट्रीय जाळ्यातली १,४३६ केंद्रं केंद्र सरकारनं स्वतःच्या ताब्यात घेतली. त्याच वर्षी शिआनमध्ये पर्यावरण खात्याच्याच अधिकाऱ्यांनी केंद्रात शिरून, नमुना घेणाऱ्या यंत्राच्या तोंडात कापूस कोंबल्याचं उघड झालं. पुढच्या वर्षी त्यांना तुरुंगवास झाला. आकड्यात फेरफार करणं हा गुन्हा आहे, हे देशभर पोहोचलं.

दुसरं काम परिणाम मूल्यांकन अहवालांचं, म्हणजे एखाद्या प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे सांगणाऱ्या अहवालांचं. हे अहवाल लिहिणाऱ्या काही संस्था मंत्रालयाच्याच होत्या, म्हणजे एका खोलीत अहवाल लिहायचा आणि शेजारच्या खोलीत मंजूर करायचा. मंत्रालयाच्या अशा आठ संस्था २०१५ मध्ये वेगळ्या करायला लावल्या. तिसरं काम केंद्रीय तपासणी पथकांचं. सुरुवात हेबेई प्रांतापासून झाली आणि २०१७ अखेर ३१ प्रांतस्तरीय विभागांत पथकं जाऊन आली. पहिल्या फेरीत १८,००० हून अधिक लोकांवर कारवाई झाली. कारखान्याला दंड करून पथक परतत नसे. प्रांताच्या पक्षसचिवालाही जाब विचारला जाई. चुकार कारखान्यावर रोजच्या रोज चढणारा दंड लावण्याची सोय १ जानेवारी २०१५ पासूनच्या सुधारित कायद्यात होती, तो मात्र चेन यांच्या आधी मंजूर झालेला.

चंद्रपूरच्या वाचकांनी यातून यंत्रणेची रचना जरूर घ्यावी: मोजणारा आणि ज्याचं मोजायचं तो, हे दोघे वेगळे हवेत. पण तपासणी पथक वरून येतं तसं वरून परतही जाऊ शकतं. राष्ट्रीय हरित लवादात सामान्य माणूस स्वतः अर्ज करू शकतो, हा अधिकार तुमच्याकडे आहे. चीनमध्ये नागरिकाला एकट्याला जनहिताचा असा दावा करता येत नाही. किमान पाच वर्षं काम केलेल्या नोंदणीकृत संस्थेला किंवा सरकारी अभियोक्त्यांनाच तो करता येतो.

महापौर मोठा की पक्षसचिव? (वाचक, नाशिक)

पक्षसचिव. २०१७ ते २०२२ चेन बीजिंगचे महापौर होते, पण शहराचे पहिल्या क्रमांकाचे नेते पक्षसचिव छाय ची होते.

बीजिंगची हवा सुधारली, त्याचं श्रेय चेन यांनाच द्यायचं का? (वाचिका, पुणे)

एकट्या माणसाला देऊ नका. बीजिंगमध्ये पीएम २.५ चं, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचं, वार्षिक सरासरी प्रमाण २०१३ मध्ये घनमीटरला ८९.५ मायक्रोग्रॅम होतं. २०१७ साठी साधारण ६० चं लक्ष्य होतं, ते ५८ वर आलं. २०२१ मध्ये ३३, म्हणजे चीनच्या ३५ च्या मर्यादेत प्रथमच. हवा सुधारण्याची ही योजना २०१३ ची, त्यांच्या मंत्रिपदाआधीची. कोळशावरची वीजकेंद्रं बंद करणं, घराघरांतले कोळशाचे बंब काढणं, जुन्या गाड्या हटवणं, शेजारच्या हेबेईतल्या पोलाद कारखान्यांवर बंधनं, या सगळ्यांचा तो परिणाम. चेन यांनी आधी मंत्री आणि मग महापौर म्हणून ती राबवली, हे श्रेय त्यांचंच.

याच हिशेबात दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नोव्हेंबर २०१७ मध्ये बीजिंगच्या दाशिंग भागात आगीत १९ जणांचा बळी गेला. त्यानंतर शहरानं ४० दिवसांची मोहीम काढून, ऐन थंडीत, स्थलांतरित कामगारांना खोल्यांतून बाहेर काढलं. चेन तेव्हा प्रभारी महापौर होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये शांघायच्या उरुम्ची रस्त्यावर तरुण कोविडच्या टाळेबंदीविरुद्ध, बोलण्यावरच्या बंदीची खूण म्हणून, कोरे कागद हातात धरून उभे राहिले, तेव्हा चेन यांना तिथलं पक्षसचिवपद मिळून महिनाही झाला नव्हता. त्या तरुणांना पोलिसांनी पकडून नेलं. हवेचे आकडे मोकळे झाले, तशी माणसं झाली नाहीत, आणि चेन यांच्याविषयी लिहिताना मला हे दोन्ही सांगावंच लागतं.