‘ओळखलंस का मला?’ हा प्रश्न आता पुरे

प्रश्न : माझे मिस्टर (वय ४२) मागच्या वर्षी दुचाकीवरून पडले, डोक्याला मार लागला. आता चालतात, फिरतात, बोलणंही स्पष्ट आहे. पण तेच तेच विचारतात, विषय सोडून भलतंच बोलतात, मनात येईल ते तोंडावर सांगतात. मित्र येईनासे झालेत. दीर म्हणतात, ‘मुद्दाम करतोय.’ पुढच्या महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न आहे. त्यांना न्यावं की नको?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, हे ते मुद्दाम करत नाहीत, एवढं दिरांना आधी सांगा. डोकं आपटलं की मेंदू कवटीच्या आत हिंदकळतो. कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग आतल्या खडबडीत हाडावर घासतो. बोलता बोलता कुठे थांबायचं, समोरच्याचा चेहरा पाहून कधी आवरतं घ्यायचं, हे बरंचसं कपाळामागचा भाग सांभाळतो. शब्द शाबूत राहतात, गप्पा मात्र विस्कटतात. म्हणून पाहुण्यांना वाटतं, बोलतो तर नीट, मग असं का?

स्पीच थेरपिस्ट म्हणून मी घरच्यांना रोजच्या गप्पा मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगते. ऐकलं की बहुतेक घरांत परीक्षा चाललेली असते. ‘काल कोण आलं होतं? आठव की. सकाळी काय खाल्लंस?’ प्रेमापोटीच विचारतात, पण माणूस रोज नापास होतो आणि मग गप्प बसतो. एका मोटार-मेकॅनिकच्या घरचं उदाहरण त्यांच्या परवानगीनं सांगते. ‘काल कोण आलं होतं?’ या प्रश्नावर तो ‘जाऊ दे’ म्हणून उठून गेला होता. पुढे बायकोनं बोलण्याची पद्धत बदलली : ‘काल मामा आले होते. त्यांच्या विहिरीवरच्या मोटरीचं बेअरिंग गेलंय.’ तो लगेच म्हणाला, ‘खडखड वाजत असणार. ग्रीस घातलं नसेल.’ आणि मग दुरुस्ती कशी करायची, ते सगळं सांगत बसला. माहिती आपण पुरवायची, मत त्यांना विचारायचं. उत्तराला वेळ लागतो, तोवर दुसरा प्रश्न टाकायचा नाही. टीव्ही बंद ठेवायचा.

सिडनीच्या लिॲन टॉगर यांच्या गटानं २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसलं : एकट्या रुग्णाला शिकवण्यापेक्षा त्याच्याशी रोज बोलणाऱ्यालाही सोबत शिकवलं, तेव्हा संवाद जास्त सुधारला. म्हणून थेरपीला तुम्हीही बसा, जमलं तर दिरांनाही न्या. थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे ना, एवढं विचारून घ्या.

तोंडावर बोलण्याबद्दल चारचौघांत रागावू नका. दोघांत एक खूण ठरवा, मनगटाला हलकेच हात लावला तरी चालेल, आणि काय खटकलं ते नंतर एकांतात सांगा. तेच ते विचारलं तर तेच छोटं उत्तर द्या. ‘आत्ताच सांगितलं ना’ हे वाक्य सगळ्यांनीच टाळायला हवं. दिवसाची कामं पाटीवर लिहून समोर ठेवली की विचारणं कमी होतं.

मित्रांचा अख्खा ग्रुप बोलावू नका. सगळ्यात शांत असलेल्या एकालाच बोलवा, अर्धा तास, कॅरमसारखं हाताला काहीतरी असताना. त्याला आधीच सगळं समजावून सांगा. मित्र बहुधा रागावून तुटत नाहीत. काय बोलावं हे कळत नाही, म्हणून यायचे थांबतात.

आणि लग्नाला न्याच. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिरांकडूनच मेसेज टाकून घ्या : जवळ येताना आपलं नाव आणि नातं सांगावं, ‘ओळखलंस का?’ विचारू नये. आदल्या रात्री झोप नीट होऊ द्या. डीजेपासून लांब एखादी खोली आधीच मागून ठेवा, थकले की तिथे थोडं पडू द्या. अक्षता वाटायचं काम त्यांच्याकडे द्या, शेजारी भाचा असू दे. दुपारची जेवणं झाली की निघा. पाठवणीपर्यंत थांबायचा आग्रह होईल, तेव्हा नणंदेला तुम्ही स्वतः आधीच सांगून ठेवलेलं बरं.