34,000 चं कोटेशन की घरचं किट? आधी गळती शोधा

नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. पेट्रोल हॅचबॅक, वय आठ वर्षं. गेल्या उन्हाळ्यात एसीत गॅस भरला, दोन महिन्यांत पुन्हा कोमट हवा. आता गॅरेजने कंप्रेसर (गॅस दाबणारा पंप), कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी), ड्रायर (ओलावा शोषणारा डबा), एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा दाब उतरवणारी झडप) आणि गॅस मिळून 34,000 रुपये सांगितले आहेत. गेज सेट (दाब मोजणारे काटे), व्हॅक्यूम पंप (आतली हवा ओढून काढणारा) आणि गॅसचे कॅन ऑनलाइन 11,500 ला मिळतात. घरीच करू का, की दीड लाखाची एफडी मोडू, की क्रेडिट कार्डवर टाकू?

किट घेऊ नका. पण 34,000 लाही आज हो म्हणू नका. दोन महिन्यांत गॅस गेला म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि ती नेमकी कुठे आहे हे तुमच्या कोटेशनमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. आधी ते शोधायला पैसे द्या. नायट्रोजनने प्रेशर देऊन, सांध्यांवर साबणाचा फेस लावून तपासणी होते. डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलसाठी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर लागतो. या कामाचे हजार-दीड हजार गेले तरी चालतील, कारण पुढचे तीस हजार त्यावर ठरणार आहेत. गळती कधी सर्व्हिस पोर्टच्या, म्हणजे गॅस भरायच्या तोंडाच्या, छोट्या व्हॉल्व्हची किंवा सांध्यातल्या एखाद्या ओ-रिंगची (रबरी रिंग) निघते, आणि ते पार्ट अगदी किरकोळ किमतीचे असतात.

कंप्रेसर खरंच गेलाय का, हेही तपासता येतं. गॅस पुरेसा असताना, बाहेर 32 अंशांच्या आसपास तापमान असेल तर चालू एसीत लो साइडला (कंप्रेसरकडे येणारी कमी दाबाची बाजू) साधारण 30 ते 45 पीएसआय (दाबाचं एकक) आणि हाय साइडला (कंप्रेसरमधून निघणारी जास्त दाबाची बाजू) 200 ते 250 दिसायला हवं. गेजचे दोन्ही काटे एकमेकांच्या जवळ आले तर कंप्रेसर दाब तयार करत नाही. दुसरी खूण म्हणजे गॅसबरोबर फिरणारं कंप्रेसरचं तेल. त्यात चमकणारी धातूची पूड असेल तर कंप्रेसर आतून झिजलाय, आणि मग कंडेन्सर व ड्रायर सोबत बदलणं योग्यच. आजकालच्या कंडेन्सरच्या बारीक नळ्यांतून ती पूड धुऊन निघत नाही. नवा कंप्रेसर त्याच पुडीने पुन्हा मरतो. तेल स्वच्छ असेल आणि दाब नीट बनत असेल, तर कंप्रेसरचा खर्च कोटेशनमधून काढायला सांगा. बहुधा सगळ्यात मोठा आकडा तोच असतो.

घरी करायचं तेवढं जरूर करा. ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर 300 ते 500 रुपयांत येतो आणि दहा मिनिटांत बदलतो. जुना काळाकुट्ट निघाला तर हवा कमी का येत होती ते कळेल. बंपरच्या जाळीमागचा कंडेन्सर साध्या पाइपने, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरने पात्या वाकतात. टॉर्च घेऊन पाइपांचे सांधे बघा. तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला तर गळती बहुधा तिथेच आहे, कारण गॅसबरोबर तेलही बाहेर येतं. फोटो काढून मेकॅनिकला दाखवा. पाम बीच रोडवर वेगात असताना गार आणि सिग्नलला गरम, असं होत असेल तर कंडेन्सरचा पंखा, त्याचा रिले (पंखा चालू-बंद करणारा स्विच) आणि फ्यूज आधी बघा. त्यावर गॅस भरून उपयोग नाही.

गॅसचं बंद सर्किट मात्र घरी उघडू नका. हॅचबॅकमध्ये आर-134ए गॅस साधारण 300 ते 450 ग्रॅम लागतो. नेमका आकडा बोनेटखालच्या स्टिकरवर असतो. तो वजनकाट्यावर भरायचा असतो आणि तुमच्या यादीत वजनकाटा नाही. गेज बघून अंदाजाने भरला तर पन्नास-साठ ग्रॅम कमीजास्त सहज होतं. भरण्याआधी किमान अर्धा तास व्हॅक्यूम, मग पंप बंद करून गेजचा काटा तिथेच थांबतो का ते बघणं, हे चुकवलं तर आपल्या खाडीकाठच्या दमट हवेतलं पाणी आत राहतं. ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठतं आणि तेलाची वाट लावतं. कॅन उलटा धरून चालू कंप्रेसरच्या लो साइडला द्रव सोडला तर कंप्रेसर फुटू शकतो, कारण द्रव दाबला जात नाही. चुकून हाय साइडला जोडलात तर कॅनच फुटू शकतो. उणे 26 अंशांना उकळणारा हा द्रव डोळ्यात उडाला तर इजा गंभीर होते. एवढं करून गळती तशीच राहिली, की 11,500 मधला गॅस दोन महिन्यांत हवेत.

दरवर्षी नुसता टॉपअप हा मार्गही मला पटत नाही. तेल कमी होत जातं, कंप्रेसर कोरडा चालतो, आणि आजचं कदाचित अनावश्यक असलेलं कोटेशन दोन वर्षांत खरं ठरतं.

आता पैसे. कार्डवर 34,000 टाकून किमान रक्कम भरत राहिलात, तर महिना 3.5 टक्के दराने पहिल्याच महिन्यात 1,190 रुपये व्याज आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे 1,400. एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ती तारण ठेवून उचल, घ्या. एफडीच्या दरापेक्षा साधारण एक ते दोन टक्के जास्त लागतात. एफडीचं व्याज चालूच असल्यामुळे सहा महिन्यांचा निव्वळ भार 340 च्या आत राहतो.

ठाणे-बेलापूर रोडवर डंपरची खडी उडून कंडेन्सरला भोक पडलं असेल, तर तो अपघात म्हणून विम्यात बसू शकतो. झीज बसत नाही. पण क्लेमआधी हिशेब करा. आठ वर्षांच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर 40 टक्के घसारा कापतात, वर सक्तीची वजावट (क्लेममधली तुम्हीच भरायची ठरावीक रक्कम). नो क्लेम बोनस (क्लेम न केल्यास प्रीमियमवर मिळणारी सूट) 50 टक्के असेल आणि ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, मूळ प्रीमियम 9,000, तर बोनस शून्यावरून पुन्हा 50 वर येईपर्यंत पाच वर्षांत 11,250 रुपये जादा जातील. एकट्या कंडेन्सरसाठी हा सौदा तोट्याचा. बोनस 20 टक्केच असेल तर चित्र बदलतं, तेव्हा पॉलिसी काढून बघा.

तपासणीनंतर दोन गॅरेजकडून पार्टनिहाय कोटेशन घ्या. काढलेले पार्ट परत मागा. बिलावर पार्टचा ब्रँड, वॉरंटीचे महिने आणि भरलेल्या गॅसचे ग्रॅम लिहून घ्या. पुढच्या उन्हाळ्यात कूलिंग पुन्हा कमी झालं, तर किती गॅस गेला हे तेवढ्यावरून मोजता येईल.