पाच मॅप काढले, फोल्डरमध्ये एकच!

प्रश्न : सर, मी प्रोटीन क्रिस्टलोग्राफीत पीएचडी करतेय. लायसोझाइम या प्रोटीनचा 1.8 अँगस्ट्रॉमचा डेटा आहे (हा रिझोल्यूशनचा आकडा, जितका लहान तितका तपशील बारीक), ज्युनिअर्सना दाखवायला तो 1.8, 2.2, 2.6, 3.0 आणि 3.5 ला कापून मॅप (प्रोटीनमधल्या इलेक्ट्रॉन घनतेचे नकाशे) हवे होते म्हणून सीसीपी4 या क्रिस्टलोग्राफीच्या सॉफ्टवेअरमधल्या एफएफटी या मॅप काढणाऱ्या प्रोग्रॅमवर बॅशचा (कमांड लाइनच्या भाषेचा) लूप लावला. एरर नाही, पण शेवटी फाइल एकच, तिचं नाव नुसतं 'लायसो_.मॅप'. नावात मी 'लायसो_$रेस_2एफओएफसी' असं व्हेरिएबल घातलंय की (रेस म्हणजे रिझोल्यूशन, 2एफओएफसी हा मॅपचा प्रकार)! आणि तो 3.5 चा मॅप भलताच छान दिसतोय, असं कसं?

उत्तर : तो अंडरस्कोर नडला. डॉलरनंतर अक्षरं, आकडे, अंडरस्कोर जे लागेल ते सगळं बॅश व्हेरिएबलचं नाव समजतो, त्या लांबलचक नावाचं काही नाहीच म्हणून तिथे रिकामं आलं आणि दर फेरीत नवी फाइल जुनीच्या बोडक्यावर बसली. रेसला महिरपी कंस घाला. वर 'सेट -यू' लिहिलं असतंत तर स्क्रिप्ट तिथंच ओरडली असती (मी हे एक अख्खी दुपार घालवून शिकलोय). ग्रिडही (मॅपच्या बिंदूंची जाळी) स्वतः द्या, पाचहींना तीच, नाहीतर एफएफटी रिझोल्यूशन बघून ठरवतो आणि 3.5 चा मॅप उगाच खडबडीत दिसतो.

आता छान दिसण्याचं. तुम्ही फक्त रिफ्लेक्शन्स (क्रिस्टलने विखुरलेल्या एक्स-रेचे मोजलेले ठिपके) कापलीत, फेज (त्या लहरींचे टप्पे, जे थेट मोजता येत नाहीत) मात्र 1.8 वर रिफाइन केलेल्या, म्हणजे डेटाशी जुळवून सुधारलेल्या मॉडेलचेच आहेत, म्हणजे पेपर अवघड पण उत्तरं आधीच खिशात! खऱ्या 3.5 च्या डेटात फेजही डगमगतात. रिफ्लेक्शन्स किती जातात म्हणाल तर रिझोल्यूशनच्या घनाच्या हिशेबाने, 1.8 वरून 3.6 ला आलात की आठवा हिस्सा उरतो. जॉन केंड्रूंनी रचना शोधलेल्या मायोग्लोबिन या प्रोटीनचं उलट्या दिशेने हेच, 1958 ला 6 अँगस्ट्रॉमला साधारण 400 रिफ्लेक्शन्स होती, 1960 ला 2 ला गेले तर दहा हजारांच्या घरात.

त्यामुळे मुलांना हा मॅप 'कापलेला' म्हणूनच दाखवा. खरा अंदाज हवा तर लूपमध्ये एफएफटीच्या आधी रिफाइनमेंट टाका, त्याच कटऑफला, फ्री आर फ्लॅग (तपासणीसाठी बाजूला ठेवलेल्या रिफ्लेक्शन्सच्या खुणा) तेच ठेवून, आणि मॉडेलचे अणू आधी थोडे हलवून घ्या, नाहीतर ते 1.8 चं काही विसरत नाही.