पाच वर्षांनी परत येऊ म्हणतेस, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय

तू विचारलंस की नवऱ्याला कंपनी न्यू जर्सीला पाठवतेय, मुलगी आठ वर्षांची आहे, पाच वर्षं राहून ती दहावीला यायच्या आत परत यायचं ठरवलंय, तर हे परत येणं कितपत जमतं. वयाने बरीच मोठी असेन म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस. खरं तर दोन ओळीत उत्तर देऊन झोपणार होते, पण "पाच वर्षं" वाचलं आणि झोप उडाली.

आम्ही पण २००४ मध्ये पाच वर्षांसाठीच अमेरिकेत आलो होतो गं. सासूबाईंनी आमचा फ्रिज शेजाऱ्यांकडे ठेवायला दिला होता, आलात की परत घेऊ म्हणून. आम्ही परत गेलो २०१८ ला. आणि २०२१ ला पुन्हा इकडे आलो. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी एकदा देऊन, खोडून, परत लिहिलेलं आहे असं समज.

व्हिसाचं मी काही सांगत नाही, ते सगळं शोधलं की मिळतं. आरएनओआर (परतल्यावर इन्कम टॅक्ससाठी मिळणारा मधला दर्जा) म्हणजे काय, एनआरई खात्याचं (परदेशातली कमाई ठेवायचं भारतातलं खातं) परतल्यावर काय करायचं, ते सीए सांगेल. एवढंच लक्षात ठेव की इथे सोशल सिक्युरिटीचे जे पैसे कापतील ते पाच वर्षांत परतलात तर गेले समजायचे, कारण पेन्शनला ४० क्रेडिट लागतात, म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी, आणि भारत-अमेरिकेत त्याबाबत करार नाही. आणि ग्रीन कार्डची रांग. ती नुसती लांब नाही, ती माणसाला धरून ठेवते. आमचं नशीब की २००७ च्या जुलैत सगळ्या तारखा एकदम करंट झाल्या, म्हणजे रांगेतल्या सगळ्यांनाच शेवटचा फॉर्म भरायची मुभा मिळाली, आणि त्या गर्दीत आमचा फॉर्म आत गेला. नंतर आलेल्यांची मुलं २१ ची होऊन, आईवडिलांच्या अर्जात धरली जात नाहीत म्हणून, रांगेतून बाहेर पडतायत तरी आईवडील रांगेतच. मग काय होतं, की पाच वर्षं झाली की माणूस म्हणतो, एवढं थांबलोय तर कार्ड हातात घेऊनच जाऊ. कार्ड आलं की म्हणतो पासपोर्ट घेऊन जाऊ, म्हणजे केव्हाही परत येता येईल. आम्ही अगदी हेच केलं. २०१६ ला सिटिझन झालो, भारताचा पासपोर्ट सरेंडर केला, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते कार्ड) काढलं, आणि मग "आता मोकळे झालो" म्हणून परतायची तयारी सुरू केली. त्या "केव्हाही परत येता येईल" नेच पुढे घात केला, पण ते नंतर.

परतायचं कारण बाबा. आई २०१३ ला गेली. मी पोचले तो तिसरा दिवस होता, अस्थी आणून ठेवल्या होत्या. त्यानंतर पाच वर्षं रोज रात्री मला वाटायचं की बाबा कोथरूडच्या घरात एकटे खिचडी करून खातायत.

आम्ही पोचलो तेव्हा कोथरूडचं घरच नव्हतं. म्हणजे होतं, पण सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलेली, दोन महिन्यांत खाली करायचं, बिल्डर भाडं देणार, वगैरे. मी चौदा वर्षं ज्या घराची स्वप्नं बघत होते तिथे जाऊन मी केलेलं पहिलं काम म्हणजे त्याची आवराआवर. डाळीच्या डब्यात आईने ठेवलेल्या ५०० च्या जुन्या नोटा सापडल्या, अकरा. नोटाबंदीच्या वेळी बाहेर असलेल्या एनआरआयना नोटा बदलायची मुदत होती ती ३० जून २०१७ ला संपलेली, आणि त्याआधीच कायदा आला होता की जुन्या नोटा दहापेक्षा जास्त जवळ ठेवायच्या नाहीत. बाबा आयुष्यभर सरकारी नोकरीत, त्यांनी शांतपणे एक नोट फाडली आणि दहा परत डब्यात ठेवल्या. आम्ही खूप हसलो. मग मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

आणि बाबा काही खिचडी वगैरे करून खात नव्हते. सकाळी एआरएआयची टेकडी, तिथला ग्रुप, मग चहा, दुपारी एका काकूंचा डबा, संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघ, गुरुवारी कुणाकडे तरी भजन. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, "तुम्ही आलात फार बरं वाटलं, पण माझी जेवायची वेळ साडेबाराची आहे." मी पोळ्या करायला एकला लागायचे ना. शेवटी त्यांनी डबा चालूच ठेवला.

शहराचं तर विचारूच नकोस. पौड रोड मेट्रोसाठी खणून ठेवलेला. विद्यापीठाच्या चौकातला फ्लायओव्हर मी गेले तेव्हा नव्हता, आले तेव्हा होता, आणि लॉकडाऊनमध्ये २०२० ला पाडला पण, म्हणजे मी परत इकडे यायच्याही आधी. भाजीवाली मावशी म्हणायची स्कॅन करा ताई, आणि मी पर्समध्ये सुट्टे शोधतेय. माझ्याकडे स्कॅन करायला बँकेला जोडलेला नंबर नाही, बँकेला आधार हवं, आधारला १८२ दिवस भारतात राहिलेलं हवं. सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सिमला आणि बँक खात्याला आधार सक्तीचं नाही. ते मी सिमच्या दुकानातल्या पोराला सांगितलं तर तो म्हणाला, मॅडम सिस्टिम घेत नाही.

आणि नाव! हे तुला आत्ताच सांगते कारण हे जायच्या आधी करता येतं. माझी नावं चार. डिग्रीवर माहेरचं, पॅनवर माहेरचं आडनाव पण नवऱ्याचं नाव मधे (हे कसं झालं देवाला माहीत), जुन्या पासपोर्टवर सासरचं पूर्ण, आणि अमेरिकन पासपोर्टवर मधलं नावच गायब. एका बँकेत मला सांगितलं की या चार वेगवेगळ्या बायका आहेत. मी म्हटलं हो, आहेतच. त्यांना विनोद कळला नाही. आठ महिने, तीन अॅफिडेव्हिट, लग्नाचं सर्टिफिकेट दोनदा, आणि शेवटी गॅझेट. नवऱ्याचं सगळं एका दुपारी झालं, त्याचं नाव जन्मापासून एकच. तेव्हा निघायच्या आधी तुझी सगळी कागदं एका नावावर आण, तुझा नवरा कितीही म्हणू दे की "नंतर बघू".

आता शाळा. इथे मी शांतपणे लिहू शकत नाही, सात वर्षं झाली तरी.

मुलगा अमेरिकेतच जन्मलेला, दहा वर्षांचा, चौथी संपवून आलेला. पुण्यात जूनमध्ये पोचलो, शाळा सीबीएसई, वर्ग एप्रिलपासूनच सुरू झालेले. पहिलं भांडण लिव्हिंग सर्टिफिकेटवरून. अमेरिकेतल्या शाळेत तो प्रकारच नाही, त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलेलं की हा मुलगा अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे होता, खाली मुख्याध्यापिकेची सही. पुण्यातल्या शाळेच्या ऑफिसातले म्हणाले, गोल शिक्का कुठाय? आता गोल शिक्का मी कुठून आणू. शेवटी मैत्रिणीला तिकडे पळवलं, नोटरी, मग न्यू जर्सीच्या राजधानीहून, ट्रेंटनहून, अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का), मग कुरियर, पाच आठवडे गेले, आणि तो शिक्का बघून ते म्हणाले, "हे असं आधीच आणायचं ना." तू परत येशील तेव्हा तिथून निघायच्या आधीच करून घे.

मग वर्गात. रविवारच्या मराठी शाळेत चार वर्षं गेलेला, आम्हाला वाटायचं याचं मराठी छान आहे. छान म्हणजे आजीशी फोनवर बोलण्याइतकं. बाई फळ्यावर लिहून पुसायच्या तोवर याच्या दोन ओळी व्हायच्या. हिंदीत मात्रा चुकायच्या, ते समजू शकते. पण इंग्रजीत "कलर" चं स्पेलिंग अमेरिकन पद्धतीने लिहिलं म्हणून मार्क कापले. तारीख लिहिताना महिना आधी लिहिला म्हणून वहीत लाल गोळा. भागाकाराची त्याची पद्धत वेगळी होती, उत्तर बरोबर होतं, तर त्याला फळ्याजवळ उभं करून वर्गाला विचारलं, "अमेरिकेत हेच शिकवतात वाटतं?" वर्ग हसला. घरी येऊन त्याने मला सांगितलंच नाही. मला दुसऱ्या एका मुलाच्या आईने सांगितलं, तेही हसत, की तुमचा मुलगा किती क्यूट दिसत होता.

मी शाळेत गेले. भांडायला गेले होते आणि "सॉरी, तो लवकरच शिकेल" असं म्हणून आले. हे मला अजून झोपताना आठवतं. न्यू जर्सीत अशी वेळ आली असती तर मी ईमेल लिहिली असती, मीटिंग मागितली असती. आणि आपल्याच गावात, आपल्याच भाषेत, माझी जीभ उचलली नाही, कारण त्या बाईंसमोर मी पुन्हा सहावीतली मुलगी झाले.

तुझ्या मुलीचं मराठी नुसतं बोलण्यावर ठेवू नकोस, लिहायला लाव. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात आता सगळ्याच बोर्डांच्या शाळांना मराठी शिकवणं सक्तीचं आहे. आणि नववीच्या आत आण, सीबीएसईचं रजिस्ट्रेशन नववीत होतं, एकदम दहावीत घ्यायला कुणी तयार होत नाही.

एकटेपणाचं विचारलंस. पहिला हिवाळा वाईट जातो. गाडी शिक, लायब्ररीत जा, मंडळाच्या गणपतीला जा. होतं सगळं.

हं, तर आम्ही पुन्हा का आलो. लोकांना सांगताना आम्ही सांगतो मुलाच्या शाळेसाठी. नातेवाइकांनाही तेच, बाबांनाही तेच. आणि ते खोटं आहे. कारण दुसऱ्या वर्षी पोरगं रुळलं होतं. भाड्याच्या घराच्या पार्किंगमध्ये क्रिकेट, दोन जिवाचे मित्र, "आयला" शिवाय वाक्य सुरू होत नव्हतं, हिंदीत सत्तर मार्क. त्याला आम्ही २०२१ मध्ये सांगितलं की तुझ्यासाठी आपण परत चाललोय, तर तो म्हणाला, माझ्यासाठी? मी कुठे म्हटलं?

मला जायचं होतं. मी. इथे अमेरिकेत मी एका दातांच्या डॉक्टरच्या क्लिनिकमध्ये हिशेब आणि पगाराचं काम बघत होते, काही फार मोठं नाही, पण त्याआधी कितीतरी वर्षं एच-४ वर (नवऱ्याच्या व्हिसावर बायकोला मिळणारा व्हिसा, तेव्हा त्यावर नोकरी करता यायची नाही) घरात बसून काढलेली असल्यामुळे ती नोकरी मला जिवापाड प्यारी. सकाळी सव्वाआठला रूट वनवर गाडीत मी एकटी, कॉफी, कुणाची मुलगी नाही कुणाची सून नाही. पुण्यात चाळीशीत मला कोण नोकरी देणार, धुण्याभांड्याला बाई, पोळ्यांना काकू, बाबांना माझी गरज नाही, आणि सगळे म्हणतायत किती सुखी गं तू. मी दुपारी बेडरूममध्ये बसून न्यू जर्सीतल्या एडिसनचं हवामान बघायचे फोनवर. आई गेल्यापासून जी टोचणी होती ती घेऊन मी बाबांसाठी आले होते आणि बाबा मजेत होते, मग मी नक्की कशासाठी आले होते, हे कुणाला विचारायचं? पासपोर्ट तर होताच. केव्हाही जाता येईल. तो नसता तर मी कदाचित तिथेच काहीतरी शोधलं असतं. किंवा नसतं शोधलं, माहीत नाही. नवरा म्हणतो आता उगाळू नकोस.

मुंबई विमानतळावर पोरगा मास्कच्या आत रडत होता. मला कळलंच नाही, चष्म्यावर वाफ धरली तेव्हा कळलं. आता बारावीत आहे, कॉलेजच्या अर्जासाठी निबंध लिहिलाय, पुण्यावर आहे एवढं समजलं. मला वाचायला दिला नाही.

बाबांनी आम्ही जायचं सांगायच्या आधीच बिल्डरकडून नव्या फ्लॅटचा नकाशा आणून सुताराला नातवाच्या अभ्यासाचं टेबल सांगून ठेवलं होतं, खिडकीच्या मापाचं. पैसे दिलेले होते म्हणून त्यांनी ते करून घेतलंच. आता ते नवव्या मजल्यावर राहतात, लिफ्ट आहे, टेबलावर त्यांच्या गोळ्यांचा डबा आणि रद्दी असते. व्हिडिओ कॉल त्याच टेबलावर फोन टेकवून करतात, त्यामुळे मला रोज दिसतं.

बाकी कुकरच्या रिंगा चार-पाच आण, मिक्सर आणू नकोस, इथे व्होल्टेज वेगळं. आणि भारतातलं सिम काही झालं तरी चालू ठेव, रिचार्ज चुकवू नकोस. माझं या वेळी इथे आल्यावर बंद पडलं, तो नंबर आता साताऱ्याच्या एका गृहस्थांकडे गेलाय आणि माझे बँकेचे मेसेज त्यांना जातात. हे कळलं कसं, तर बाबांनी सवयीने जुनाच नंबर लावला. ते गृहस्थ म्हणाले, अहो तुमच्या मुलीची एफडी मॅच्युअर झाल्याचा मेसेज आलाय तेवढा कळवा तिला. मग दोघं वीस मिनिटं पावसापाण्याचं बोलत बसले. आता दर पंधरा दिवसांनी बोलतात.